दोन पानांत लेबनॉन

शुगर लँड, टेक्सस, ६ मार्च २००५

केया,

हे पत्र लेखासाठी आहे. आधीच सांगते, म्हणजे पाकीट उघडताना तुझा दुसरा काही समज व्हायला नको.

मंडळाच्या दिवाळी अंकात यंदा 'छोटे देश' असं सदर आहे. संपादक प्रसन्न. समोरच्या घरात तो आणि वीणा राहतात. तू गेल्यानंतर आले, म्हणून तुला ठाऊक नाहीत. मला म्हणाला, "काकू, दोनच पानं. इतिहास, सरकार, संस्कृती. पॉलिटिक्स नको हं, लोक चिडतात यार." मी म्हटलं, सरकार हवं आणि पॉलिटिक्स नको, हे कसं जमवायचं? तर म्हणे, "तुम्ही टीचर होतात, तुम्ही जमवाल." शैलाताईंनी माल्टा घेतला, कारण त्या क्रूझवरून तिथे तीन तास उतरल्या होत्या. मी लेबनॉन म्हटलं. प्रसन्न आणि वीणा एकमेकांकडे इतकं ठरवून बघेनात, की मला कळलं, त्यांना सगळं माहीत आहे.

तर इतिहासाचं पान लिहून झालं आहे. सोबत पाठवते. चुका काढ.

त्यात तुझं सूर गाव आलं आहे. इंग्रजीत टायर. आम्हाला नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नादेत नकाशावर ते दाखवायच्या. त्या फ्रान्सच्या. त्यांच्या बोटावर खडूचा पांढरा कण कायम असायचा आणि तो नकाशावर उमटायचा. म्हणायच्या, इथल्या लोकांनी अक्षरं शोधली आणि समुद्रातल्या गोगलगाईंपासून राजांसाठी जांभळा रंग काढला. हजारो गोगलगाई मारल्या की एक काठ रंगायचा. सूर हे मुळात बेट होतं, सिकंदरानं समुद्रात भराव घालून ते जमिनीला जोडलं, हेही त्यांनीच सांगितलं. मग रोमन, अरब, तुर्कांची चारशे वर्षं, मग फ्रेंच, मग स्वातंत्र्य, मग पंधरा वर्षं आपसांतली लढाई. सगळं एका पानात बसवलं आहे. माझं अक्षर मुद्दाम मोठं काढते. रविवारच्या मराठी वर्गात तू बोट ठेवून वाचायचीस, तसं वाच.

गेल्या महिन्यात बैरूतमध्ये तो मोठा स्फोट झाला, त्याची बातमी इथेही होती. ते ठिकाण तुमच्यापासून किती लांब, हे मी विचारत नाही. लेखाला त्याची गरज नाही.

आई


शुगर लँड, २९ मे २००५

केया,

तुझं पाकीट मिळालं. उत्तर म्हणावं की तपासलेला पेपर? माझ्या पानावर लाल शाईच्या अकरा खुणा, आणि खाली इंग्रजीत एक ओळ: इथे दोन धर्म नाहीत, अठरा पंथ आहेत, लायब्ररीत जाऊन बघ.

गेले. वीणानं सोडलं. लायब्ररीतली मुलगी म्हणाली, टेनेसीतलं लेबनॉन गाव का? मी म्हटलं, नाही, पहिलं.

अठरा पंथ, बरोबर. राष्ट्राध्यक्ष मारोनी ख्रिस्ती, पंतप्रधान सुन्नी, सभापती शिया. संसदेच्या जागा निम्म्या ख्रिश्चनांना, निम्म्या मुसलमानांना. कोण किती आहेत याची शेवटची मोजणी १९३२ साली झाली, त्यानंतर कुणाची हिंमत झाली नाही. प्रसन्नला हे वाचून दाखवलं तर तो हसायला लागला. म्हणाला, "काकू, हे तर आपलं मंडळच. अध्यक्ष पुण्याचा, खजिनदार नागपूरचा, जेवणाची कमिटी मुंबईची. कुठे लिहिलेलं नाही, पण बदलून दाखवा." वीणा म्हणाली, "आणि मोजणी करू नका, सगळे मेंबर पुण्याचेच निघतील."

पुढे वाचलं, की तिथे जन्म, लग्न, मूल, मरण, सगळं ज्याच्या त्याच्या पंथाच्या कोर्टात. सरकारी लग्न असा प्रकारच नाही. ज्यांना तसं हवं असतं, ती मुलं विमानानं सायप्रसला जाऊन लग्न करून येतात. परदेशात केलेलं ते लग्न मात्र तिथलं सरकार मानतं.

तिथे मी पुस्तक मिटलं.

तुम्ही ह्यूस्टनच्या कोर्टात केलंत ते सरकार मानत होतं, मीच मानत नव्हते. 'कोर्टातलं लग्न म्हणजे गाडीची नोंदणी. कुठल्याही देवासमोर उभे राहा, मग माझं दार उघडं आहे.' हे वाक्य तुझ्याही लक्षात असेल. नादिमची आई तिकडे अगदी हेच म्हणत होती, असं तू तेव्हा सांगितलं होतंस. "दोन्ही आया एकच रेकॉर्ड लावतात," म्हणून हसली होतीस. मग तुम्ही सूरला गेलात आणि तुझा फोटो आला. नादिमच्या घरातला दिवाणखाना, मखमलीच्या खुर्च्या, डोक्यावर पांढरा रुमाल घेतलेली तू, आणि समोर मौलवी. मागे लिहिलं होतंस, 'आई, उभी राहिले.'

कुठल्याही देवासमोर म्हणाले होते खरी. तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर दोनच होते, देव्हाऱ्यातला आणि सिस्टरांचा.

तो फोटो माझ्याकडे आहे. टाकलेला नाही.

आई

ता. क. 'संस्कृती'साठी जेवणाचं काहीतरी कळव. लोक ते पान आधी वाचतात.


शुगर लँड, २ ऑक्टोबर २००५

केयू,

तुझा आवाज बसला आहे की तो तसाच झाला आहे? फोनवर विचारायचं राहिलं.

आता सविस्तर लिहिते, कारण तेव्हा धड बोलता आलं नाही. रीटा वादळ येणार म्हणून सगळं ह्यूस्टन एकाच वेळी रस्त्यावर आलं होतं. प्रसन्न म्हणाला, "ऑस्टिनला तीन तासांत पोचू." दुपार झाली तरी आम्ही केटीच्या पुढे नव्हतो. पेट्रोल वाचवायला एसी बंद. काचा खाली, आणि बाहेर भट्टी. वीणा ओल्या नॅपकिननं माझे पाय पुसत होती. कडेला गाड्या सोडून लोक गवतावर बसलेले. एक आजीबाई व्हीलचेअरवर, डोक्यावर उघडी छत्री, आणि त्यांचा मुलगा त्यांना वर्तमानपत्रानं वारा घालत होता. मला वाटलं, माझ्यामागे हे कोण करणार. आणि प्रसन्नचा फोन वाजला. मंडळाच्या वेबसाइटवरून तू त्याचा नंबर शोधलास, हे नंतर कळलं.

"आई, where are you?"

"हायवेवर."

"कुठल्या?"

"अगं, सगळे एकच झाले आहेत."

तू हसलीस. मग रडलीस. मग मागून एक बारीक आवाज काहीतरी अरबीत विचारत होता आणि तू म्हणालीस, "ही लीना. तीन वर्षांची आहे." मी म्हटलं, माझ्या वर्गात लीना नावाच्या तिघी होत्या. चार वर्षांनी बोलायला मला हे वाक्य सुचलं! तू म्हणालीस, "म्हणूनच ठेवलं. दोन्हीकडे चालतं."

वादळ शेवटी दुसरीकडेच गेलं. आम्ही परत आलो तर अंगणातली कुंडीसुद्धा हललेली नव्हती. वीणा म्हणते, सगळी फजिती फुकट गेली. मी कुंडीला पाणी घातलं.

यापुढे पत्रं वीणा ऑफिसात स्कॅन करून मेल करणार आहे, म्हणजे तीन आठवडे लागणार नाहीत. ती वाचत नाही म्हणते. वाचत असशील तर वीणा, तुझ्या साबुदाण्यात मीठ कमी होतं.

आई


शुगर लँड, २२ जानेवारी २००६

केयू,

दिवाळीचा अंक शेवटी आत्ता आला. माझी दोन पानं आली, पण मध्येच सोनाराची जाहिरात घुसली आहे, त्यामुळे फ्रेंच राजवट संपते आणि मंगळसूत्रांवर सूट सुरू होते. तरी बऱ्याच जणांनी फोन केले. तुझा पुदिना-पार्सलीचा तबूले दोघींनी करून बघितला. दलियाऐवजी उपम्याचा रवा घातला आणि मला म्हणाल्या, चिकट झाला.

सगळ्यांना आवडलं ते नावांचं. थोरल्या मुलाच्या नावावरून आईबापांना हाक मारतात ते. नादिमचे वडील अबू नादिम, आई उम्म नादिम. लोकांना त्यांची खरी नावं आठवतसुद्धा नाहीत. मंडळातले जगन्नाथ देव म्हणाले, "म्हणजे आमच्यासारखे दोन मुलीवाले तिकडे बिननावाचेच का?" मी म्हटलं, मलाही हाच प्रश्न पडला आहे.

अबू नादिम शाळामास्तर होते आणि लहानपणी मिशनच्या शाळेत फ्रेंच शिकले, हे तू आधी का नाही सांगितलंस? माझंही फ्रेंच तेवढंच: प्रार्थना, ऋतूंची नावं, आणि 'सिस्टर, मी बाहेर जाऊ का'. तू म्हणालीस, तुला फ्रेंचचं ओ का ठो कळत नाही, ते फ्रेंचमध्ये पुटपुटायला लागले की समजायचं, चिडले आहेत. त्यांना माझा बोंझूर सांग. इतकं तरी चालेल ना?

ऑगस्टमध्ये तुम्ही तिघं येणार हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. वरची खोली झाडली आहे. बाबांची पुस्तकं बाहेरच्या कपाटात हलवली. ते गेले तेव्हापासून त्या खोलीत मी जातच नव्हते. लीनाला जिन्याची सवय नसेल, म्हणून प्रसन्न जाळीचं दार बसवणार आहे.

नादिमला काय आवडतं ते कळव. मी त्याला कधी काही विचारलंच नाही.

आई


शुगर लँड, १८ जुलै २००६

केया,

तीन दिवस फोन लागत नाही. वीणा दर तासाला मेल बघते. हे तुला कधी मिळेल माहीत नाही, पण मला बसवत नाही म्हणून लिहिते.

टीव्हीवर सूर दिसलं. एवढं वाचलं त्या गावाबद्दल, पण असं पाहायचं नव्हतं. पूल तोडले आहेत, बैरूतचा विमानतळ बंद. बोलणाऱ्या बाईनं गावाचं नाव चुकीचं उच्चारलं, तर माझा जीव एवढ्याशा गोष्टीवरून तळमळला. किराणा दुकानात प्रतापभाईंनी विचारलं, "आंटी, वो आपका आर्टिकल वाला कंट्री है ना?" मी म्हटलं, हो, तेच. आणि पिशवी तिथेच विसरून आले.

अमेरिकेचं जहाज बैरूतहून सायप्रसला नेणार आहे म्हणतात. तुझा पासपोर्ट अमेरिकन आहे, लीनाचाही तू काढून घेतलास असं म्हणाली होतीस. नादिमचं ग्रीन कार्ड संपलं असेल तर आपण वकील बघू. आधी निघा. घर, भांडी, काही बघू नकोस.

मी आज जपमाळ काढली. सिस्टर बर्नादेतनी निरोपाला दिलेली. देव्हाऱ्यात बाळकृष्णाशेजारी ठेवली आहे. कोण ऐकेल ते ऐको.

आई


शुगर लँड, २७ जुलै २००६

माझ्या केयू,

तू कालच्या फोनवर शांतपणे सांगितलंस, तसं मला लिहिता येत नाही. नादिम पाव आणायला गेला होता. आत्याच्या गावाला, तिला घेऊन येतो आणि येताना पाव आणतो म्हणाला होता. गाडीवर पांढरं कापड बांधलं होतं. एवढं मी ऐकलं आणि माझ्या कानात काही शिरेना. वीणानं फोन घेतला आणि तिनं बाकीचं ऐकलं. ती मला अजून सगळं सांगत नाही.

त्याला मी एकदाही जावई म्हटलं नाही.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते, कारण वेळ नाही.

तू बैरूतमध्ये नादिमच्या वकील चुलतभावाच्या घरी आहेस, दोघं म्हातारी आणि लीना बरोबर आहेत. जहाजावर तुला जागा मिळते. लीनाला न्यायचं तर बाप नसताना आजोबांची सही लागते आणि अबू नादिम सही करत नाहीत. चुलतभावानं जे समजावलं ते तू मला इंग्रजीत सांगितलंस, मी इथे माझ्या शब्दांत मांडून बघते. तुमचं लग्न फक्त ह्यूस्टनच्या कोर्टातलं राहिलं असतं, तर तिथल्या कोर्टानं टेक्ससचा कायदा लावला असता आणि लीनाची पालक तू झाली असतीस. पण मौलवीसमोर तू कलम्याचं वाक्य म्हणालीस, त्यांच्यातली झालीस, म्हणून आता सगळं त्यांच्या पंथाच्या कोर्टात. आणि तिथे बापामागून पालक बापाचा बाप. पोर सात वर्षांची होईपर्यंत आईजवळ, तेही तिथेच राहिलीस तर.

हे मी लेखात एका ओळीत लिहिलं होतं. 'कौटुंबिक कायदे पंथनिहाय आहेत.' प्रसन्ननं त्यावर खूण केली होती, की काकू हे जरा बोअरिंग आहे. मी ती ओळ काढून टाकली आणि तबूले वाढवला.

देवासमोर उभी राहा, असं कुणी म्हणालं होतं ते तू काल बोलली नाहीस. दोघींनाही ते ऐकू आलं.

तू म्हणालीस, "गर्दीत कुणी कागद बघत नाहीयेत. तिला उचलून घेऊन गेले तर कुणाला कळणार नाही. आई, तू सांग, काय करू?" आणि मागे उम्म नादिम लीनाला जेवण भरवत होत्या, चमच्याचा आवाज येत होता.

मी म्हटलं, त्यांना फोन दे.

आमचं काय बोलणं झालं ते तू विचारत होतीस. तेव्हा लाइन तुटली, म्हणून लिहिते. फार काही नाही. दोन म्हाताऱ्यांचं मोडकं फ्रेंच. ते मला मादाम म्हणत होते, मी त्यांना मेस्य, म्हणजे महाशय. मला 'शोक' हा शब्द आठवेना. शेवटी मी आमच्या प्रार्थनेतली ओळ म्हटली, 'आत्ता आणि आमच्या मरणाच्या वेळी'. ते म्हणाले, ही आम्हालाही शाळेत पाठ करावी लागायची, मुसलमान मुलांनासुद्धा. मी म्हटलं, पोर लहान आहे, बॉम्बच्या आवाजात तिला ठेवू नका. ते म्हणाले, तिला रात्री खोकला होतो, तिकडे थंड हवेत झोपवू नका. म्हटलं, नाही झोपवणार. एवढंच.

आज चुलतभावाचा मेल आला, त्यांनी सही केली. तू निघ. दोघी निघा. त्यांच्या पाया पड आणि निघ.

आई


शुगर लँड, २५ ऑक्टोबर २००६

केयू,

एका घरात राहून पत्र लिहायची पाळी येईल असं वाटलं नव्हतं. पण तू वर दार लावून असतेस, जेवणाचं ताट जिन्यावर ठेवायला सांगतेस, आणि मी काही बोलायला लागले की "आई, not now" म्हणतेस. म्हणून दाराखालून सरकवते आहे. हे वीणानं पाहिलेलं नाही.

मी एक वाक्य गाळलं होतं.

अबू नादिमनी सही करायच्या आधी मला एकच विचारलं. लढाई थांबली, विमानं सुरू झाली, की तुम्ही तिला मला परत द्याल का, मादाम? मी वुई म्हटलं, म्हणजे हो. त्यांनी पुन्हा विचारलं, कारण आवाज तुटत होता. मी पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. स्वयंपाकघरात उभी होते. तू त्यांच्या शेजारी होतीस आणि तुला एक अक्षर कळत नव्हतं, हे मला माहीत होतं. तुला विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, त्यांनी सही केली नसती. तेव्हा मी एवढाच विचार केला, की तुम्ही दोघी जहाजावर चढाल.

लढाई ऑगस्टमध्ये थांबली. सप्टेंबरात विमानं सुरू झाली.

दर शुक्रवारी सकाळी ते फोन करतात. तू तेव्हा अंघोळीला असतेस किंवा पडलेली असतेस. तिकडचा आवाज ऐकायचा नाही असं तू पहिल्याच आठवड्यात म्हणालीस, म्हणून मी उचलते. आणि प्रत्येक वेळी सांगते, लीना झोपली आहे. सकाळी नऊ वाजता. ते मास्तर होते, त्यांना वेळेचं गणित येतं. तरी म्हणतात, ठीक आहे मादाम, झोपू द्या. खोकला विचारतात. शब्दाबद्दल एकदाही विचारलेलं नाही. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

मागच्या शुक्रवारी लीना माझ्या पायाशीच खेळत होती. फोनमधला आवाज ऐकून तिनं मान वर केली आणि "जिद्दो?" म्हणाली. आजोबा. मी हातानं फोनचं तोंड झाकलं. केया, मी माझ्या हातानं झाकलं. त्यांनी ऐकलं असेल किंवा नसेल. मग म्हणाले, उम्म नादिम आजकाल जेवायला तीन ताटं मांडते. नादिमचं, तुझं, लीनाचं. स्वतःचं विसरते.

आता मला जे लिहायला जड जातंय ते.

मला तुम्ही दोघी इथे हव्या आहात. पोर सकाळी जिना उतरते, जाळीच्या दाराशी येऊन "आजी, उघड" म्हणते. तिचं अरबी रोज थोडं पुसट होतंय आणि मराठी येतंय, आणि मला त्याचा आनंद होतो. परवा प्री-स्कूलचा कागद आणला, तर त्यावर पालक म्हणून फक्त तुझं नाव लिहिलेलं पाहून मला किती बरं वाटलं, काय सांगू! नादिम गेला म्हणून माझं घर भरलं. असं कुणी दुसरीनं लिहिलं असतं तर मी तिचं तोंड पाहिलं नसतं. तू गेलीस तेव्हा मी चार वर्षं म्हणत होते, परक्या देशातल्या माणसांनी माझी पोर ठेवून घेतली. आता मी तेच करते आहे, आणि त्यांच्याजवळ दुसरी पोर नाही.

चुलतभावाशी मी बोलले. तुला ठाऊक असू दे म्हणून सांगते. तुम्ही गेलात तर अबू नादिम पुन्हा सही करतीलच असा भरवसा कुणी देत नाही. करतील असं त्याला वाटतं. मला तसं वाटतं की नाही, मला माहीत नाही. आणि गेला नाहीत तर इथे कुणी तुम्हाला काही करू शकत नाही. टेक्ससला त्यांच्या कोर्टाशी देणंघेणं नाही. वुई म्हणणारी मी, आणि माझ्या वुईला कुठेच किंमत नाही, त्यांच्या घराखेरीज.

म्हणून मी तुला जा म्हणत नाही. राहा म्हणायचा मला अधिकार नाही, आणि मनात मात्र मी तेवढंच म्हणत असते. एकदा मी तुझ्यासाठी लग्न कसं करायचं ते ठरवलं. एकदा तुझ्या मुलीचा शब्द दिला. तिसऱ्यांदा ठरवायला मला सांगू नकोस. उद्या जिन्यात भेटलीस तर रागावून बोल, पण हे विचारू नकोस.

परवा शुक्रवार आहे. नऊ वाजता फोन वाजेल. मी लीनाचे केस विंचरून तिला खाली टेबलाशी बसवून ठेवीन, आणि मागच्या अंगणात जाऊन उभी राहीन. दार लावून घेईन. मी उचलणार नाही.

तू खाली ये.

आई